घोड्यांच्या घरचे पाहुणे

भाड्याचा घोडा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें माथेरानची तांबडी वाट उभी राहते. घटका-दोन घटकांचा सौदा. घोडेवाला लगाम धरून पुढें, आणि आपण खोगीर दोन्ही हातांनीं घट्ट धरून वर. उतरल्यावर तो घोडा कोठें गेला, त्यानें काय खाल्लें, रात्रीं तो कोठें उभा राहिला, याची चौकशी आपण करीत नाहीं. आज मी तुम्हांला अशा ठिकाणीं नेणार आहें, कीं जेथें पाहुणा आठवडाभर घोड्यांच्या घरीं राहावयास जातो, आणि त्याचें उठणें, जेवणें, निजणें हें सारें घोड्यांच्या सोयीनें चालतें. हीं ठिकाणें अमेरिकेच्या पश्चिम भागांत, वायोमिंग, मोंटाना, कोलोरॅडो अशा डोंगराळ संस्थानांत आहेत. त्यांना तेथें 'रँच' म्हणतात.

रँच हा शब्द मूळचा स्पॅनिश. शेत म्हणावें तर तेथें नांगर फारसा चालत नाहीं. नुसतें कुरण म्हणावें तर घर, पागा, नालबंदाची भट्टी हें सारें त्यांत येतें. शेंकडों, कोठें हजारों एकर गवताळ रान, त्यावर गुरांचे कळप, आणि तीं गुरें राखण्यासाठीं घोडे, अशी ही मांडणी. शब्दाप्रमाणें घोडाही स्पेनकडूनच आला. अमेरिका खंडांतला मूळचा घोडा सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं नाहींसा झाला होता. १४९३ सालीं कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीबरोबर त्याचें पाऊल त्या बाजूला पुन्हां पडलें.

अशा कष्टाच्या जागीं पाहुणे कसे शिरले, ही हकीकत मोठी मौजेची आहे. पिट्सबर्ग शहरचे हॉवर्ड, अल्डेन आणि विलिस ईटन या तिघां भावांनीं १८८० च्या आगेमागें डकोटा प्रांतांत लिट्ल मिसूरी नदीच्या कांठीं रँच थाटली. पूर्वेकडील त्यांचे मित्र शिकारीला म्हणून येत आणि आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकीत. आल्या माणसाला जेवूं घालावें, निजावयास जागा द्यावी आणि पैशाचें नांव काढूं नये, हा त्या ओसाड मुलुखाचा आतिथ्यधर्म. पण धर्म पाळतां पाळतां कोठार रितें होऊं लागलें. शेवटीं १८८२ सालीं एका पाहुण्यानेंच, माझे पैसे घ्याल तर मी आणखी राहीन, असा आग्रह धरला, असें सांगतात. आणि तेथून ही वहिवाट पडली. शहरांतील झकपक पोषाखाच्या माणसाला लोक थट्टेनें 'ड्यूड' म्हणत. त्यावरून अशा ठिकाणाला 'ड्यूड रँच' हें नांव मिळालें. थट्टेचें नांव धंद्याची पाटी होऊन बसावें, असें आपल्याकडेही क्वचित् घडतें.

पुढें १८८६-८७ चा हिवाळा आला. आदला उन्हाळा कोरडा गेलेला, गवत खुरटलेलें, आणि त्यावर बर्फाचे थर. गुरें उभ्या उभ्या मेलीं. कित्येकांचे अर्ध्याहून अधिक कळप बुडाले. त्याच भागांत गुरें पाळणारे थिओडोर रूझवेल्ट, जे पुढें १९०१ त अमेरिकेचे अध्यक्ष झाले, त्यांनाही हा तडाखा बसला. बर्फांत गाय मरते, पण पैसे देणारा पाहुणा पुढच्या उन्हाळ्यांत परत येतो, हें त्या वेळीं अनेकांच्या ध्यानांत आलें. ईटन बंधूंनीं १९०४ सालीं आपलें बिऱ्हाड वायोमिंगमध्यें शेरिडनजवळ हलविलें. पहिल्या महायुद्धानंतर गुरांचे भाव कोसळले, तेव्हां आणखी कितीतरी रँचवाल्यांनीं दारें उघडलीं. आणि १९२६ त मोंटानांतील बोझमन येथें या धंद्याचा संघ स्थापन झाला. त्याला रेल्वे कंपनीचा पाठिंबा होता, हें सांगावयास नकोच; उतारू तिलाही हवे होते.

आतां प्रत्यक्ष दिवस कसा जातो तें पाहूं. पहांटे साडेचार-पांचचा सुमार. पाहुणे गाढ झोपेंत असतात आणि घोडे मोकळ्या कुरणांत पांगलेले असतात. बहुतेक ठिकाणीं घोडे रात्रीं बांधून ठेवीत नाहींत. घोड्याचा कोठा लहान. गाईसारखें भराभर पोट भरून मग निवांत रवंथ करणें त्याच्या नशिबीं नाहीं. मोकळा असला तर दिवसरात्रींतले पंधरा-सोळा तास तो थोडें थोडें चरतच असतो. दिवसा ज्याच्याकडून काम घ्यावयाचें, त्याला रात्र तरी चरावयास दिलीच पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. म्हणून एखादाच घोडा आवारांत मागें ठेवलेला असतो. त्याच्यावर स्वार होऊन एक माणूस अंधारांत निघतो. कळपांतल्या जाणत्या घोडीच्या गळ्यांत घंटा असते. तिच्या रोखानें तो जातो, आणि घोडी हलली कीं मागोमाग सारा कळप. उजाडतां उजाडतां पन्नास-साठ घोडे धूळ उडवीत लांकडी कुंपणाच्या आवारांत शिरतात. पाहुण्यांचा कोंबडा तो हाच.

या माणसाला तेथें 'रँग्लर' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द ऐकला कीं १८९९ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत पहिल्या स्थानाचा मान मिळविणारे परांजपे आठवतात. या रँग्लराचा गणिताशीं संबंध इतकाच, कीं कळपांत एक घोडा कमी आला तर तें मोजल्यावांचून त्याच्या ध्यानांत येतें.

पाहुणा आला कीं प्रथम त्याला दोन प्रश्न विचारतात: वजन किती, आणि घोड्यावर बसतां येतें का? पहिल्याचें उत्तर लोक थोडें कमी करून सांगतात, दुसऱ्याचें पुष्कळ फुगवून. रँग्लर मुकाट्यानें ऐकतो आणि पाहुणा घोड्याच्या अंगाला हात कसा लावतो इकडे लक्ष ठेवतो. सर्वसाधारण ठोकताळा असा, कीं घोड्यानें आपल्या वजनाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक ओझें वाहूं नये. घोडा १००० पौंडांचा असला तर ओझें २०० पौंड. आणि तिकडच्या भारी खोगिराचेच ३० ते ४० पौंड त्यांतून वजा जातात. मग स्थूल पाहुण्यासाठीं हाडापेरानें मोठा घोडा निवडावा लागतो, नाहींतर नम्रपणें नकार द्यावा लागतो. नवख्यासाठीं तरणाबांड घोडा देत नाहींत. बारा-पंधरा वर्षांचा, पावसापाण्याला आणि माणसांच्या मूर्खपणाला सरावलेला घोडा देतात. एकदां जोडी जमली कीं आठवडाभर तोच घोडा आणि तोच स्वार.

पहिला धडा बसण्याचा नव्हे, जवळ जाण्याचा असतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असल्यामुळें त्याला भोंवतालचें बहुतेक सारें दिसतें. दिसत नाहीं तें फक्त नेमकें पाठीमागचें आणि कपाळासमोरचें अगदीं जवळचें. मागून मुकाट्यानें येणारा तो त्याच्या लेखीं लांडगाच. म्हणून खांद्याच्या बाजूनें, बोलत बोलत जावें. मग पाठीवर घोंगडी. तिची एक चुणी राहिली तरी संध्याकाळपर्यंत पाठ सोलून निघते. मग खोगीर आणि तंग. तंग आवळतांना कांहीं लबाड घोडे पोट फुगवून उभे राहतात, आणि चार पावलें चालले कीं पोट आंत घेतात. तेव्हां तंग पुन्हां एकदां तपासल्यावांचून जो रिकिबींत पाय घालतो, तो खोगिरासकट घोड्याच्या पोटाखालीं जातो.

पाहुण्याला काम सक्तीचें नसतें. पण गुरें एका कुरणांतून दुसऱ्यांत हांकणें, कुंपण पाहून येणें, अशा कामांत बरेच जण हौसेनें पडतात. मराठी फौजेंत स्वतःचें घोडें आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हें आपण शाळेंत शिकलों. रँचवरचा पाहुणा हा आठ दिवसांचा बारगीरच. फरक एवढाच, कीं बारगिराला पगार मिळे आणि हा पदरचे पैसे मोजतो.

मला स्वतःला या साऱ्यांत घराकडचा शेवटचा मैल सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घराच्या दिशेला तोंड झालें कीं घोडा आपोआप पाय उचलतो. स्वाराला वाटतें, आपली मांड आतां पक्की झाली; दौडवावा भरधाव! तेथेंच त्याला अडवितात. शेवटचा मैल सावकाश चालतच यावयाचा, हा चांगल्या रँचचा न मोडणारा नियम. तापलेलें जनावर हळूहळू निववलें पाहिजे, हें एक कारण. दुसरें असें, कीं घराकडे उधळण्याची संवय घोड्याला एका पाहुण्यानें लावली, तर पुढच्या आठवड्यांत त्याच पाठीवर दहा वर्षांची मुलगी बसावयाची असते. पैसे देणाऱ्याला 'नाहीं' म्हणण्याची ताकद मालकांत आहे कीं नाहीं, तें या मैलावर कळतें.

आणि ही ताकद सोपी नाहीं. पाहुण्यांचा हंगाम जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा. घोड्याचें पोट मात्र बारा महिन्यांचें. कुरण संपलें कीं दररोज वीस-पंचवीस पौंड वाळलेलें गवत एकेका जनावराला लागतें. कामाच्या दिवसांत दर सहा-आठ आठवड्यांनीं खूर कापून नाल बसवावे लागतात. शरद् ऋतु आला कीं एक मालक नाल काढतो आणि घोडे हिवाळी कुरणांत मोकळे सोडतो. तेथें ते अंगावर दाट केंस वाढवितात आणि पुढच्या पायानें बर्फ उकरून खालचें गवत खातात. दुसरा मालक मुळांतच घोडे हंगामापुरते मक्त्यानें आणतो आणि हंगाम सरला कीं व्यापाऱ्याला परत करतो. पाहुण्याला आठवड्याभरांत हा फरक दिसत नाहीं. दोन्हीकडे तीच धूळ, तेच डोंगर, तेंच गोड जेवण. परंतु वीस वर्षें माणसें वाहून पाय अधू झालेल्या घोड्याचें काय होतें, हें विचारलें म्हणजे फरक दिसतो. कोणी त्याला मरेपर्यंत कुरणांत ठेवतो. कोणी लिलावाला पाठवितो. अमेरिकेंतले घोड्यांचे उरलेसुरले कत्तलखाने २००७ सालीं बंद पडले. पण त्यानंतरही म्हातारे घोडे सरहद्दीपलीकडे कॅनडाकडे आणि मेक्सिकोकडे कत्तलीसाठीं जात राहिले. तेव्हां तुमच्यापैकीं कोणाचा मुलगा किंवा पुतण्या तिकडे असेल आणि अशा ठिकाणीं सुटी घालविण्याचा बेत करीत असेल, तर खोलीला गरम पाणी आहे का हें विचारण्यापूर्वीं त्यानें हे दोन प्रश्न विचारावेत: घोडे हिवाळ्यांत कोठें असतात, आणि म्हातारे झाल्यावर कोठें जातात? ज्याच्याकडे उत्तर आहे तो मालक तें आनंदानें आणि विस्तारानें देईल.

संध्याकाळीं खोगिरें उतरतात. पाठीवर घामाचा ओला ठसा असतो. त्यावर खरारा फिरतो, आणि पाहुणा लंगडत लंगडत जेवणाच्या घंटेकडे जातो. मग रँग्लर आवाराचें फाटक उघडतो. पहिल्यानें घंटेची घोडी बाहेर पडते. मागचे घोडे दहा-वीस पावलें दुडक्या चालीनें जातात, आणि मऊ मातीची जागा आली कीं एकेक जण गुडघे टेकून आडवा होतो, पाय वर करून चांगला लोळतो, उठून अंग झाडतो आणि गवतांत तोंड घालतो.