बारावीनंतरचा खर्च (भाग ४) : कागद अकरावीतच काढा

गेल्या आठवड्यात सीईटीच्या अभ्यासाचं वेळापत्रक पाहिलं. आज फीकडे वळू. तिची तयारीही अकरावीतच सुरू व्हायला हवी, आणि बहुतेक घरांत ती निकाल लागल्यावर सुरू होते.

आपल्या राज्यात सवलती खरोखर चांगल्या आहेत. २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्याच मर्यादेत खुल्या गटातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. मात्र प्रवेश कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की हे सगळं गेलं. ‘फेरीची वाट कशाला बघता, आजच जागा देतो,’ असं कुणी म्हणालं तर आईवडिलांनी आधी चारही वर्षांची फी कागदावर मांडावी.

राखीव जागेसाठी सगळ्यात जास्त वेळ खाते ती जात वैधता. वडिलांच्या, आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची नोंद शोधावी लागते. कधी आजोबांची शाळा दुसऱ्याच तालुक्यात असते, कधी नोंदवहीत आडनाव वेगळं निघतं, आणि आजोबा शाळेतच गेले नसतील तर जुन्या महसुली नोंदी धुंडाळाव्या लागतात. बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत हे उरकेल या भरवशावर राहू नका. विज्ञान शाखेच्या मुलांनी अकरावीतच कॉलेजमार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करावा. अनुसूचित जमातींची समिती वेगळी आहे. वडिलांची किंवा सख्ख्या भावंडाची वैधता झालेली असेल तर ती जरूर जोडा, काम पुष्कळ हलकं होतं.

उत्पन्नाच्या दाखल्याची घाई मात्र नको. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे डिसेंबरात काढलेला दाखला प्रवेशाच्या वेळी चालत नाही. एप्रिल लागला की तहसीलचा नवा दाखला काढा.

राहिलं बँकेचं खातं. शिष्यवृत्ती जमा होते ती मुलाच्या आधारशी सीडिंग झालेल्या खात्यात. पुष्कळांचं सीडिंग प्राथमिक शाळेत उघडलेल्या, घरात सगळे विसरून गेलेल्या खात्याला असतं, आणि पैसे तिथे जातात किंवा अडकतात. केवायसीसाठी आधारची प्रत दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे’ असं स्पष्ट विचारा. आणि शिष्यवृत्तीचा महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज पहिल्या वर्षी भरून संपत नाही; दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. दुसऱ्या वर्षी तेच राहून गेल्यामुळे हक्काची सवलत सुटते, याचं फार वाईट वाटतं.

फी माफ झाली तरी पुण्यातली खोली आणि मेस उरतेच. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्याबद्दल आणि शैक्षणिक कर्जाबद्दल पुढच्या आठवड्यात.