आपले कपडे आपणच शिवू या

मित्रमैत्रिणींनो, शिवणकाम म्हणजे मशीन चालवणे असे पुष्कळांना वाटते. पण मशीन फार मागाहून आले. दोन दोऱ्यांची टीप घालणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत एलियास हाउ यांना १८४६ साली मिळाले. त्याआधी माणसे सुईदोऱ्यानेच शिवत होती. कपडा अंगाला नीट बसणार की नाही, हे टीप मारताना ठरत नाही. ते कापडाला कात्री लावण्यापूर्वीच ठरते.

आपल्या आज्यांना ही अडचण फार नव्हती. चोळीला पुढे गाठ आणि परकराला नाडी. अंग भरले की गाठ जरा सैल मारायची, झाले! झगा आणि सदरा यांना मात्र बटणे असतात, आणि बटण लावले तिथेच राहते. म्हणून माप बरोबर हवे.

आपले माप दुसऱ्याकडून घ्यावे. स्वतः वाकून पाहिले की आकडा बदलतो. सरळ उभे राहावे, पोट आत ओढू नये. (मुले हे हमखास करतात.) छातीचे माप घेताना टेप पाठीमागे खाली घसरली नाही ना, हे पाहावे.

आता हिशेब. छाती २४ इंच भरली म्हणून झगा २४ इंचांचाच शिवला, तर त्यात धड खाली बसतासुद्धा येणार नाही. सैलपणासाठी ४ इंच वाढवले की २८ झाले. कापड चौपदरी घडी करून कापतात, म्हणून २८ चा चौथा भाग ७ इंच. त्यात शिवणीसाठी १ इंच मिळवून ८ इंचांवर खूण करावी. या जास्तीच्या कापडाला ‘माया’ म्हणतात. नाव किती छान आहे ना? पुढच्या वर्षी बाजूची टीप उसवून अर्धा इंच बाहेरून नवी टीप मारली, की चारी पदरांचे मिळून २ इंच वाढतात. पालकांनो, शिंपीकाकांकडे गणवेश टाकताना माया किती ठेवणार, हे जरूर विचारा. कापड वाचवायला माया ठेवलीच नाही, तर तो झगा येत्या जूनमध्ये धाकट्या बहिणीकडे जातो आणि नवीन कापड घ्यावे लागते.

उंचीचेही तसेच. खालची दुमड ३ इंचांची ठेवावी. परकराला आडव्या चुण्या घालतात, त्या नुसत्या शोभेच्या नसतात. मुलगी वाढली की एक चूण उसवायची. जुन्या दुमडीची रेघ दिसते खरी, पण तिच्यावर फीत लावली की झाकते.

सगळ्यांत अवघड म्हणजे मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती गोलाई. मुंढा खोल कापला तर हात मोकळा राहील, असे वाटते ना? होते उलटेच! खोल मुंढ्याचा झगा कवायतीत हात वर केले की सगळाच वर उचलला जातो. मुंढा काखेच्या जवळ असावा, फक्त काचू नये. गळासुद्धा आधी लहानच कापावा. कडा आत दुमडली की तो आपोआप मोठा होतो. लहान गळा मोठा करता येतो, मोठा झालेला लहान करता येत नाही.

कोरे सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात झगा आखूड होतो. कापडाचा उभा धागा उंचीच्या दिशेने धरावा. तिरपे कापले तर कपडा एकीकडे ओढला जातो. नवशिक्यांनी प्रथम मांजरपाटावर किंवा जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर हात बसवावा. पहिल्यांदा कच्चा धावदोरा घालून कपडा अंगात घालून पाहावा. धावदोरा ओढला की निघतो, मशीनची टीप उसवताना मात्र बोटे दुखतात.

हे मुलींचे काम, असे म्हणून आमच्या वर्गातले काही मुलगे हसतात. संत नामदेवांच्या घरी शिंपीकामच होते, आणि बाजारात मशीनवर बसतात ते बहुतेक काकाच असतात! मुलांनी निदान बटण लावायला तरी शिकावे. बटण कापडाला अगदी चिकटवून लावू नये. त्याच्यावर एक आगकाडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घालावेत. मग काडी काढून घ्यावी, बटणाखाली दोरा तीन-चार वेळा गुंडाळावा आणि मागे गाठ मारावी. तेवढ्या जागेत काजाचे कापड बरोबर बसते.