लाकूड गाभ्यापर्यंत तापायला हवं

सरपटणाऱ्या पाळीव प्राण्याच्या काचपेटीतलं लाकूड नुसतं शोभेचं नसतं. कात टाकायच्या वेळी बॉल पायथन खरखरीत फांदीवर तोंड घासतो आणि तिथूनच कात सुटायला लागते. इग्वाना तर दिवसाचा बराच वेळ फांदीवर ऊब घेत पडून असतो. मात्र पेटीतली ऊब आणि ओल किडे, बुरशी आणि जंतूंनाही मानवते. चंडीगडमध्ये झाडं भरपूर, त्यामुळे छाटलेल्या फांद्या सहज मिळतात. त्या पेटीत ठेवण्याआधी काय करायचं, ते क्रमाने पाहू.

निवड

पेरू किंवा तुतीची कडक, न कुजलेली फांदी उत्तम. नख रुतलं तर ती सोडून द्या. कसौलीच्या वाटेवर पडलेला चीड किंवा देवदार नको. त्यांच्यातली राळ तापली की पाझरते आणि तिची उग्र वाफ बंद पेटीत प्राण्याच्या श्वासाला बाधते. तेलकट वासाची निलगिरीही टाळा. कण्हेर विषारी आहे, तिला हातही लावू नका. रंग किंवा कीटकनाशक लागलेलं लाकूड उकळून निर्धोक होत नाही. सुखना तलावाला लागून असलेलं जंगल 1998 पासून अभयारण्य आहे, तिथलं लाकूड उचलायचं नाही.

घासणं

किडे आणि त्यांची अंडी सैल सालीखाली दडतात, म्हणून ती साल आधी सोलून काढा. चिरांमधली माती कडक ब्रशने आणि गरम पाण्याने घालवा. साबण नको, लाकूड तो शोषून घेतं.

उष्णता

परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी खोक्यांसाठी जगभर एक नियम आहे: लाकडाचा गाभा सलग 30 मिनिटं किमान 56 अंश सेल्सिअसला राहिला पाहिजे. तेवढ्याने लाकूड पोखरणारे किडे मरतात. जूनमध्ये चंडीगडचा पारा 44-45 अंशांवर गेला, तरी गच्चीवरच्या जाड फांदीचा गाभा तेवढा तापेल याचा भरवसा नाही. जंतूंसाठी तर याहून जास्त उष्णता लागते. म्हणून उन्हावर विसंबू नका.

फांदी मावत असेल तर उकळणं सर्वांत सुरक्षित. त्यासाठी वेगळं पातेलं ठेवा, स्वयंपाकाचं नको. फांदीवर दगड ठेवून ती पूर्ण बुडवा. पाण्याला उकळी फुटली की तिथून वेळ मोजा. मनगटाएवढ्या जाडीला तासभर. पाणी चहासारखं तांबूस झालं, तर तो लाकडातला टॅनिन आहे. पाणी बदलून पुन्हा उकळा.

लांबट फांदी ओव्हनमध्ये 120 अंशांवर तासभर ठेवा, जाड असेल तर आणखी वेळ. पण समोरून हलू नका, धुराचा वास आला की लगेच बंद करा. मायक्रोवेव्ह नको, त्यात लाकूड आतल्या आत जळू शकतं.

ब्लीच कधी?

पातेल्यात किंवा ओव्हनमध्ये न मावणाऱ्या ओंडक्यासाठीच. एक भाग घरगुती ब्लीच, नऊ भाग पाणी, 10 मिनिटं, तेही उघड्यावर. मळ क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून घासणं आधी. नंतर पाणी बदलत भिजवा आणि क्लोरीनचा वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. फिनाइल तर वापरूच नका, ते या प्राण्यांना घातक आहे. ब्लीचचं काम बरंचसं पृष्ठभागावरच होतं. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्यातला परजीवी त्याला दाद देत नाही. ते लाकूड आधी वापरलेल्या प्राण्याला त्याची लागण झाली असेल, तर लाकूड फेकूनच द्या.

वाळवणं

ओलं लाकूड पेटीत गेलं की बुरशी धरते. उन्हाळ्यात गच्ची, पावसाळ्यात घरात पंख्याखाली. फांदी रोज काट्यावर ठेवा. काही दिवस वजन उतरायचं थांबलं, म्हणजे ती वाळली.

पुढची काळजी

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू बाहेर पडू शकतात, त्यामुळे लाकूड एकदा शुद्ध केलं की झालं, असं नाही. विष्ठा लागलेली जागा लगेच धुवा, फांदी अधूनमधून पुन्हा उकळा, हाताळल्यावर हात साबणाने धुवा. पाच वर्षांखालच्या मुलांना या सामानापासून दूर ठेवा. फांदी मऊ पडली किंवा भुसा गळू लागला, तर दुरुस्तीच्या नादी न लागता बदला. फांदी दुसरी मिळेल. आजारी पडलेला प्राणी बरा करणं त्याहून कितीतरी अवघड आहे.