मापाची सायकल

शिंप्याकडे मापे देऊन शिवलेला सदरा आणि दुकानातून तयार आणलेला सदरा यांत जो फरक असतो, तोच मापाने बांधलेल्या आणि कारखान्यातून आलेल्या सायकलीत असतो. तयार सायकल सरासरी उंचीच्या माणसासाठी बनते. मापाची सायकल एकाच माणसासाठी आणि त्याच्या रोजच्या रस्त्यासाठी बांधली जाते. इंग्लंड, इटली आणि जपानमध्ये ही कारागिरी जुनी आहे. जपानमध्ये 1948 साली कोकुरा शहरात केइरिन नावाच्या सायकल शर्यती सुरू झाल्या. पुरुषांच्या पारंपरिक केइरिन शर्यतींत आजही मान्यताप्राप्त कारागिरांनी हाताने बांधलेल्या पोलादी फ्रेम वापरतात.

बांधणीची सुरुवात मापापासून होते. चालवणाऱ्याने अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहायचे, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक वर दाबून धरायचे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजायचे. या अंतराला 0.883 ने गुणले की सीटची उंची मिळते. अमेरिकी शर्यतपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने हा गुणक ओळखला जातो. माप 80 सेंटिमीटर आले, तर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण 70.6 सेंटिमीटर अंतर हवे. धडाच्या आणि हातांच्या लांबीवरून हँडल किती पुढे घ्यायचे ते ठरते. हे माप चुकले की गुडघे, कंबर आणि मनगटे दुखू लागतात. कमी उंचीच्या बायकांना आणि फार उंच माणसांना तयार सायकल का त्रास देते, याचे उत्तर इथे आहे.

मापानंतर रस्ता आणि काम पाहायचे. उदाहरणार्थ, कोपरगाव तालुका गोदावरीकाठचा, बहुतांशी सपाट आणि उसाचा. इथल्या शेतकऱ्यासाठी सायकल बांधायची, तर डोंगर चढण्याच्या गिअरपेक्षा चिमटा आणि टायर यांच्यातील जागा महत्त्वाची. पावसाळ्यात पाणंदीतली काळी माती टायरला चिकटते, मडगार्डमध्ये ठासून बसते आणि चाक फिरेनासे होते. म्हणून चिमटा रुंद हवा. टायर जाड हवे, म्हणजे बाभळीचा काटा सहज ट्यूबपर्यंत पोहोचत नाही. जनावरांसाठी वाढ्यांची मोळी न्यायची असेल, तर कॅरिअर फ्रेमलाच पक्के जोडावे आणि मागचा भाग थोडा लांब ठेवावा, म्हणजे पायडल मारताना टाच मोळीला लागत नाही.

पुढच्या चिमट्याचा कल हा बांधणीतला सर्वांत नाजूक निर्णय. शर्यतीच्या सायकलीत हा कोन जमिनीशी 72 ते 73 अंशांचा असतो, त्यामुळे हँडल चटकन वळते. जुनी काळी सायकल याहून बरीच कललेली असते. ती वळायला संथ, पण खड्ड्यांतून ओझे घेऊन जाताना सरळ चालते. थोरल्यांच्या त्या सायकलीला मागासलेली समजणे चूक आहे. वाईट रस्त्यांचा विचार करूनच तिचा आकार ठरला होता.

पोलादी फ्रेममध्ये नळ्या जिथे मिळतात तिथे सगळे कौशल्य पणाला लागते. एका नळीचे तोंड दुसरीच्या गोलाईवर फट न राहता बसेल असे बाकदार कापावे लागते. कानशीने घासून, पुन्हा पुन्हा लावून पाहत ही खाच जुळवतात. मग गॅसच्या ज्योतीवर पितळाची सळई वितळवून सांधा भरतात. पितळ साधारण 900 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून पोलाद न वितळता जोड पक्का होतो. चांगल्या नळीची जाडी मध्यभागी मिलिमीटरपेक्षाही कमी असते आणि टोकांना थोडी वाढवलेली असते. अशी दोन टोकांना जाड नळी 1897 साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी पेटंट केली. ज्योत एकाच जागी जास्त वेळ राहिली, तर एवढे पातळ पोलाद जळते आणि पुढे नेमके तिथेच तडकू शकते.

फ्रेम कुठेही बनो, तिच्यावर चढणारे भाग मात्र ठरलेल्या मापांचे असतात. सायकलच्या साखळीच्या दोन पिनांमधले अंतर कोपरगावात अर्धा इंच आणि टोकियोतही अर्धा इंच. आपल्या 28 इंची काळ्या सायकलीच्या टायरच्या बैठकीचा व्यास 635 मिलिमीटर असतो. हॉलंडमधल्या अनेक जुन्या सायकलींची चाकेही याच मापाची आहेत. इंग्लिश पद्धतीच्या बी.बी.मध्ये, म्हणजे क्रँकचा दांडा जिथे फिरतो त्या भागात, उजवीकडचा कप उलट्या आट्याचा असतो, कारण सरळ आट्याचा कप त्या बाजूला पायडल मारता मारता सैल होत जातो. जगातल्या कोणत्याही सायकल मिस्त्रीसमोर हा कप ठेवला, तर तो कोणत्या बाजूला फिरवायचा हे सांगायला भाषेची गरज पडत नाही. सायकल बांधणाऱ्यांची मैत्री देशांच्या सीमा ओलांडून जमते, ती या सामायिक मापांमुळे.

महाराष्ट्रात हाताने सायकल बांधण्याचे उत्तम उदाहरण पुण्यात आहे. भारतीय हवाई दलातील माजी अधिकारी शशिशेखर पाठक यांनी तिथे बांबूच्या सायकली हाताने बांधायला सुरुवात केली. या सायकलींचे नाव ‘बांबूची’. मराठी माणसाला ते लगेच कळते आणि परक्याच्या जिभेवरही सहज बसते.

बांबूची फ्रेम बांधताना निवड आणि धीर या दोन्हींची कसोटी लागते. तीन-चार वर्षांचा पक्व बांबू घेतात. कोवळा बांबू वाळताना आकसतो आणि उभा चिरतो. किडीपासून बचावासाठी बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून तो सावलीत नीट वाळवतात. सिंधुदुर्गाकडचा माणगा जातीचा बांबू बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो, म्हणून त्याला मजबुतीचा मान. क्रँक, चिमटा आणि मागचे चाक बसण्याच्या जागी धातूचेच भाग लागतात. हे भाग आणि बांबूच्या नळ्या एका साच्यात अचूक धरून आधी इपॉक्सीने चिकटवतात. मग तागासारखे धागे इपॉक्सीत भिजवून प्रत्येक सांध्यावर थरावर थर घट्ट गुंडाळतात. हे वेष्टण वाळले की कानशीने आणि पॉलिश पेपरने आकार देतात. बांबूचे तंतू उभे धावत असल्याने तो ताण सोसतो आणि रस्त्याचे बारीक हादरे अंगात जिरवतो.

ही कल्पना जुनी आहे. 19व्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्लंडमध्ये बांबूच्या सायकली विकल्या जात. अमेरिकेत क्रेग काल्फी यांनी 1990 च्या दशकात तिला पुन्हा हात घातला आणि पुढे घानामध्ये कारागीर घडवण्याच्या कामात ते सहभागी झाले. घानात बर्निस डापा यांच्या संस्थेने तरुणींना हे काम शिकवले. इंडोनेशियात जावा बेटावरील एका खेड्यात सिंगीह कार्तोनो यांनी ‘स्पेदागी’ नावाची बांबूची सायकल घडवली. 2022 साली बोगोर येथे इंडोनेशियाचे अध्यक्ष जोको विडोडो आणि ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बानीज अशाच बांबूच्या सायकलींवरून सोबत फिरले. पुणे, घाना आणि जावा इथला बांबू वेगवेगळ्या जातीचा आहे, सांध्यांची तऱ्हा वेगळी आहे. साखळी मात्र तीच अर्धा इंची.

सायकल घडवण्याची हौस शहरापुरतीच नाही. जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीचे शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचे पुढचे चाक, हँडल आणि चिमटा घेऊन त्याला कोळप्याचे पाते जोडले. बैलजोडी नसलेल्या शेतकऱ्याला एकट्याने कोळपणी करता येऊ लागली. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने या सायकल कोळप्याची दखल घेतली आणि इतर शेतकऱ्यांनीही ते उचलले. चांगली रचना उघडी ठेवली की ती पुढच्या हातात जाऊन सुधारते, हे भिसे यांच्या कोळप्याने दाखवले.

स्वतः सायकल बांधू पाहणाऱ्याने एक शिस्त पाळावी. नवी फ्रेम लगेच रहदारीत नेऊ नये. आधी रिकाम्या रस्त्यावर, मग ओझे वाढवत चालवावी आणि प्रत्येक फेरीनंतर सांधे बोटाने चाचपावेत. कुरकुर किंवा केसाएवढी रेघ दिसली, तर फ्रेम बाजूला ठेवावी. पुढचा चिमटा सुरुवातीला तयारच घ्यावा, कारण तो मोडला तर सावरायला क्षणही मिळत नाही.

तालुक्याच्या गावात सायकल मिस्त्री असतो, शेती अवजारे जोडणारा वेल्डर असतो, बांबूचे काम जाणणारा बुरूडही असतो. एकाला चाकाचा आउट काढता येतो, दुसऱ्याला सांधा भरता येतो, तिसऱ्याला चांगला बांबू नजरेने ओळखता येतो. हे तिघे एका सायकलीसाठी एकत्र बसले, तर मापाची सायकल कोपरगावातही उभी राहील. त्यांनी एवढेच करावे: प्रत्येक नळीची लांबी आणि प्रत्येक कोन मिलिमीटर-अंशांत वहीत लिहून ठेवावा. ती वही जगातला कोणताही सायकल बांधणारा वाचू शकेल.