उभे राहून वल्हवायची फळी : धंद्यात पडण्यापूर्वी पाणी ओळखा

समुद्रकिनारी किंवा तलावाकाठी राहणाऱ्या आमच्या वाचकांनी अलीकडे एक दृश्य पाहिले असेल. लांबट, रुंद फळीवर माणूस सरळ उभा आहे, हातात लांब दांड्याचे एकच वल्हे आहे आणि तो पाणी कापत पुढे चालला आहे. या खेळाला स्टँड-अप पॅडलबोर्डिंग म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'सप' असे छोटे नावही पडले आहे. गोव्यात, कर्नाटकातील मुल्की येथे आणि चेन्नईजवळच्या कोवलम येथे हा खेळ चांगला रुजला आहे. मार्च २०२४ मध्ये मंगळूरजवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर त्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही भरली होती.

जेथे पर्यटक जातो, तेथे व्यापार जातो. फळ्या भाड्याने देणे, त्यांची दुरुस्ती, वल्ही बनवणे, पिशव्या व कपडे शिवणे अशी अनेक कामे या खेळातून निघतात. आपल्या समाजातील नाखवे, सुतार, फायबरचे कारागीर व शिंपी यांच्या हाताला जुळणारी ही कामे आहेत. म्हणून आज या विषयाची माहिती देत आहोत. मात्र एक गोष्ट आरंभीच सांगतो. तलावावरची फळी आणि समुद्रावरची फळी दिसायला सारखी असली तरी धंदा म्हणून ती दोन वेगळी कामे आहेत. हा फरक न ओळखता जो भांडवल घालतो, तो पैसाच नव्हे, लोकांचे प्राणही धोक्यात घालतो.

खेळ आला कोठून?

या खेळाचे मूळ हवाई बेटांत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास वायकिकी किनाऱ्यावर पर्यटकांना लाटांवर स्वार व्हायला शिकवणारे काही जण लांब फळीवर उभे राहून वल्हे मारीत. उभ्याने पाहिले म्हणजे शिकाऊ मंडळींवर नजर राहते आणि येणारी लाटही लवकर दिसते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लेअर्ड हॅमिल्टन व डेव्ह कलामा या हवाईच्या खेळाडूंनी ही रीत पुन्हा उचलली आणि तेथून ती जगभर पसरली. २००८ साली अमेरिकेच्या तटरक्षक दलाने लाटा फुटणाऱ्या पट्ट्याबाहेर गेलेली अशी फळी ही 'नौका'च आहे, असा निर्णय दिला. त्यामुळे तिच्यावर जीवरक्षक जॅकेट असणे तेथे बंधनकारक झाले.

पुढे खेळाडू खुल्या महासागरात उतरले. मोलोकाई ते ओआहू ही सुमारे ५१ किलोमीटरची खाडी ओलांडण्याची शर्यत प्रसिद्ध आहे. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिस बर्टिश यांनी तर डिसेंबर २०१६ मध्ये मोरोक्कोच्या अगादीर बंदरातून निघून उभ्याने वल्हवत अटलांटिक महासागर ओलांडला. ९३ दिवसांनी, मार्च २०१७ मध्ये ते अँटिग्वा बेटावर पोहोचले. त्यांचे साधन साधी फळी नव्हती. झोपण्यापुरती बंद खोली असलेले ते सुमारे २० फुटी जलयान होते. पाणी बदलले की साधन बदलते, हे यावरून ध्यानात येईल.

फळीचे दोन प्रकार

पहिला प्रकार हवा भरण्याचा. सर्वसाधारण वापराची फळी साधारण साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद व ६ इंच जाड असते आणि वजन ८ ते ११ किलो भरते. तिच्यात चौरस इंचाला १२ ते १५ पौंड दाबाने हवा भरतात. मोटारीच्या टायरमधील हवेच्या हा साधारण निम्मा दाब. तरीही फळी लाकडासारखी ताठ होते, ती आतल्या विणकामामुळे. आमच्या विणकर बांधवांना ही गोष्ट चटकन समजेल. मखमलीच्या मागावर दोन कापडे समोरासमोर विणतात, मधल्या धाग्यांनी ती जोडलेली असतात आणि मग ते धागे सुरीने कापतात. येथे तेच धागे न कापता लांब ठेवतात. दोन्ही कापडांवर पीव्हीसीचा थर चढवतात आणि कडा चिकटवून बंद करतात. हवा भरली की हजारो धागे ताणले जातात व फळी फुग्यासारखी न फुगता सपाट राहते.

दुसरा प्रकार टणक फळीचा. आत थर्माकोल, वर काचेच्या तंतूंचे कापड आणि इपॉक्सी रेझिन. ती पाण्यावर अधिक चपळ चालते, पण ने-आण अवघड आणि आपटली की फुटते.

मालाच्या वर्णनात फळीचे आकारमान लिटरमध्ये लिहिलेले असते. एक लिटर आकारमान साधारण एक किलो वजन तोलते. म्हणून ३०० लिटरच्या फळीवर ३०० किलो चढवायचे नसतात. तेवढे वजन टाकले तर ती पाण्याच्या पातळीला बुडेल आणि तिच्यावर कोणालाही उभे राहता येणार नाही. बनवणाऱ्याने दिलेली वजनाची मर्यादा पाहावी आणि तिच्या आतच राहावे.

तलाव वेगळा, समुद्र वेगळा

तलावावर नवशिक्याला रुंद फळी द्यावी, ३२ इंच किंवा त्याहून थोडी अधिक. लांबचा पल्ला मारणाऱ्याला साडेबारा फुटी निमुळती फळी लागते. फळीखाली माशाच्या परासारखे पाते असते, त्याला फिन म्हणतात. त्याच्यामुळे फळी सरळ जाते. आपल्याकडील अनेक तलावांत जलपर्णी माजलेली असते. तेथे उभे पाते वनस्पतीत अडकते व माणूस तोंडावर पडतो. अशा ठिकाणी मागे कललेले पाते मागवावे.

तलावाचा धोका वाऱ्यात आहे. उभा माणूस शिडासारखा वारा धरतो. नवशिका तासाला चार-पाच किलोमीटर वेगाने वल्हवतो. समोरून जोराचा वारा आला की तो जागचा हलत नाही आणि थकतो. त्याने गुडघ्यांवर बसावे, तरीही जमेना तर फळीवर पालथे झोपून हातांनी पाणी मारावे. गिऱ्हाइकाला हे किनाऱ्यावरच करून दाखवले पाहिजे.

समुद्रावर वाऱ्याची गोष्ट आणखी बारीक आहे. आमच्या कोकणी वाचकांना मतलई वारा व खारा वारा सांगावयास नको. पहाटे व सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो. पर्यटक सकाळी येतो, पाणी शांत दिसते, म्हणून निर्धास्त होतो. पण ती शांतता किनाऱ्यालगतची असते. वारा पाठीवर असल्याने जाताना श्रम जाणवत नाहीत, आणि परत फिरताना कळते की किनारा दूर गेला. खाडीच्या मुखाशी ओहोटी लागली असेल आणि उधाणाचे दिवस असतील तर ओढ दुप्पट होते. नाखव्याच्या घरात हे लहान मुलालाही ठाऊक असते, शहरातून आलेल्या दुकानदाराला नसते. या धंद्यात आपल्या माणसांची खरी पुंजी कोणती असेल तर ती हीच.

एका चुकीची किंमत

फळी व माणूस यांना जोडणारी दोरी असते, तिला लीश म्हणतात. समुद्रात पडलेल्या माणसापासून फळी वाऱ्याने झपाट्याने दूर जाते, म्हणून घोट्याला बांधलेली दोरी जीव वाचवते. तलावावर पाण्यात लोंबू नये म्हणून गुंडाळीची दोरी वापरतात. पण वाहत्या नदीत घोट्याची हीच दोरी घातक ठरते. ती खडकाला किंवा झाडाला अडकली की प्रवाह माणसाला खाली दाबतो आणि हात घोट्यापर्यंत पोहोचत नाही. तेथे कमरेला बांधायची, एका झटक्यात सुटणारी दोरी लागते.

३० ऑक्टोबर २०२१ रोजी ब्रिटनमधील वेल्स प्रांतात हॅव्हरफोर्डवेस्ट गावी एका व्यावसायिक संस्थेने नदीवर अशी सहल नेली. पावसाने नदी फुगलेली होती. वाटेत बंधारा होता आणि सहलीतील लोकांना त्याची नीट कल्पना दिली गेली नव्हती. दोऱ्याही त्या पाण्याला योग्य नव्हत्या. बंधाऱ्यावरून खाली खेचले जाऊन चार जण मरण पावले. त्यांत वाचवायला धावलेला एक मार्गदर्शकही होता. २०२५ साली न्यायालयाने संस्थेच्या चालिकेला साडेदहा वर्षांच्या कैदेची शिक्षा दिली.

आपल्या नद्यांवरही कोल्हापुरी बंधारे जागोजागी आहेत. वरून पाहिले तर पाणी संथ दिसते आणि बंधाऱ्याच्या खाली ते गोल फिरून माणसाला धरून ठेवते. पुराच्या दिवसांत नदीवर फळ्या नेणे हा धंदा नव्हेच. इतर दिवसांतही बंधाऱ्याच्या जवळपास गिऱ्हाइकाला नेऊ नये. फळीवर चढलेला गिऱ्हाईक ही आपल्या हाती दिलेली अमानत आहे. तो परत किनाऱ्याला लागेपर्यंत आपले भाडे पूर्णपणे आपले झाले नाही, असे आम्ही मानतो.

कारागिरांनी काय करावे?

फायबरच्या होड्या बनवणाऱ्या बांधवांनी एक खूण बांधून ठेवावी. होडीसाठी आपण सहसा पॉलिस्टर रेझिन वापरतो. ते थर्माकोलवर लावले तर थर्माकोल विरघळतो आणि गिऱ्हाइकाची महागडी फळी वाया जाते. येथे इपॉक्सीच लागते. फुटलेल्या फळीत पाणी शिरले असेल तर ती पूर्ण वाळवूनच ठिगळ लावावे. आत पाणी कोंडले तर उन्हात वरचा पापुद्रा सुटतो.

हवेच्या फळीचे ठिगळ पीव्हीसीचेच हवे. जागा स्वच्छ करून दोन भागांचा पीव्हीसी गोंद दोन्ही बाजूंना लावावा, दाबून बसवावे व एक दिवस हवा भरू नये. भाड्याच्या फळ्या उन्हात टाकू नयेत. सकाळच्या थंडाव्यात पूर्ण दाबाने भरलेली फळी दुपारच्या उन्हात किनाऱ्यावर तापली की आतील दाब वाढतो आणि कडेचा सांधा उसवतो. सावलीत ठेवावी किंवा थोडी हवा सोडावी.

सुतारांना वल्ह्याचे काम करता येईल. हलक्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवून दांडा करावा. त्याची लांबी माणसाच्या उंचीपेक्षा ८ ते १० इंच अधिक असावी. पाते दांड्याशी किंचित पुढे कललेले असते. नवशिके ते नेमके उलटे धरतात, तेव्हा कोणती बाजू पुढे हे पात्यावर रंगाने दाखवले तर गिऱ्हाईक दुवा देईल.

शिंप्यांना फळीच्या पिशव्या आणि लवकर वाळणारे पूर्ण बाह्यांचे पोशाख शिवता येतील. पडद्याची काळजी घेणाऱ्या आपल्या भगिनींना पाण्यात वावरता येईल असे कपडे सहज मिळत नाहीत, ही मागणी ओळखावी. मात्र जीवरक्षक जॅकेट घरी शिवून देऊ नये. ते प्रमाणित आणि तपासलेलेच विकत घ्यावे.

भांडवल आणि परवाना

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यानुसार जमीन, हवा व पाणी यांवरील असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावयाची असते. समुद्र व खाडीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आणि धरणाच्या जलाशयासाठी जलसंपदा विभागाकडे चौकशी करावी. पावसाळ्यात समुद्रावरचे हे काम बंद ठेवावे लागते, म्हणून हिशेब बारा महिन्यांचा न करता आठ महिन्यांचाच मांडावा. त्यातही वाऱ्यामुळे बंद राहणारे दिवस वजा करावेत. ज्या दिवशी वारा वाढला त्या दिवशी दारी आलेले गिऱ्हाईक परत पाठवण्याची तयारी नसेल, तर या वाटेला जाऊ नये.

व्याजाने पैसा काढून सुरुवात करण्यापेक्षा चार-सहा फळ्यांपासून भागीदारीत आरंभ करावा. एकाचे भांडवल आणि एकाचे पाण्याचे ज्ञान अशी मुदारबत येथे चांगली बसते. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटावा, भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याने सोसावा. पण काम करणाऱ्याने हलगर्जी केली असेल तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, हा नियमही करारात स्पष्ट लिहावा. विमा, प्राथमिक उपचाराचे प्रशिक्षण, मदतीला एक यांत्रिक होडी आणि पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचे नाव व घरचा दूरध्वनी लिहिलेली वही, एवढे झाल्याशिवाय पहिली फळी पाण्यात टाकू नये.

आमच्या किनाऱ्यावरील वडीलधाऱ्या नाखव्यांचा सल्ला तरुणांनी जरूर घ्यावा. फळ्या कोठूनही मागवता येतात, पण आज पाण्यात उतरावे की नाही हे सांगणारा माणूस बाजारात मिळत नाही. तो ज्याच्या घरात आहे, त्याने सचोटीने हे काम हाती घेतल्यास, इन्शाअल्लाह, हलाल रोजीचे एक नवे दार उघडेल.