अलेक्झांड्रियाचं वर्ष दुसरं

रोमन इजिप्तमधली नाणी अलेक्झांड्रियाच्या टाकसाळीत पडत. त्यांवरचा मजकूर लॅटिन नव्हे, ग्रीक. आणि बहुतेकांवर चक्क वर्ष असतं! इंग्रजी ‘एल’सारखी एक खूण ‘वर्ष’ सांगते. तिच्यालगतचं ग्रीक अक्षर म्हणजे आकडा. अल्फा म्हणजे एक, बीटा म्हणजे दोन.

हे वर्ष मात्र सम्राटाच्या कारकिर्दीचं. म्हणून आधी मुखवटा आणि त्याभोवतीचं नाव वाचून सम्राट ठरवावा लागतो.

खरी गंमत पुढे आहे. इजिप्तचं नवं वर्ष २९ ऑगस्टच्या सुमारास लागे. अँटोनायनस पायस गादीवर आला १० जुलै १३८ रोजी. त्यामुळे त्याचं ‘पहिलं वर्ष’ जेमतेम सात आठवड्यांत संपलं. त्याच्या दुसऱ्या वर्षाच्या एका सुंदर नाण्यावर तेजोवलय ल्यालेला फिनिक्स पक्षी आहे, सोबत ‘युग’ या अर्थाचा ग्रीक शब्द. हे नाणं ऑगस्ट १३८ ते ऑगस्ट १३९ मधलं. व्याध ताऱ्याच्या उदयावर मोजलं जाणारं प्रदीर्घ कालचक्र १३९ मध्येच पूर्ण झालं होतं. अभ्यासक या पक्ष्याचा संबंध त्याच्याशी जोडतात, आणि तो पटतो.

सगळीकडे हाच हिशेब चालत नाही. सीरियातल्या अँटिओकच्या कित्येक नाण्यांवरची वर्षं इसवी सनपूर्व ४९ पासून मोजलेली आहेत. म्हणून आकड्याआधी शहर ओळखायचं.