भरपगारी रजेचा भार कोणी वाहावा?

आजारपणाची व प्रसूतीची भरपगारी रजा मालकांवर बंधनकारक असावी काय, याचे उत्तर तिचा खर्च कोण सोसतो यावर बरेचसे अवलंबून आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाचे समर्थन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा भार मुख्यत्वे शासनाने उचलावा, तथापि स्त्रियांच्या श्रमाचा लाभ घेणारा मालकही जबाबदारीतून सुटत नाही, अशी भूमिका मांडली. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

१९६१ च्या केंद्रीय अधिनियमाने मात्र वेतनाचा भार मालकावरच ठेवला. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. त्यामुळे लहान कारखानदार स्त्रियांना कामावर घेण्यास कचरण्याचा धोका संभवतो. राज्य कामगार विमा योजनेची रीत निराळी आहे. मालक वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतात. त्या निधीतून आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के आणि प्रसूतिकाळी पूर्ण वेतन मिळते.

रजेची सक्ती न्याय्यच आहे. परंतु ती सामायिक निधीच्या आधारे व्हावी. तसे झाल्यासच रोज मालक बदलणाऱ्या शेतमजूर स्त्रीपर्यंतही ती पोचू शकेल.